दुसऱ्याचा खर्डा, आपला खर्डा

तीन हजार शब्दांची कथा अभिप्रायासाठी आली, की पहिल्या वाचनाला वीस मिनिटं जातात. दुसरं वाचन पेन्सिल हातात धरून, त्याला पाऊण तास. टिपण लिहायला आणखी पाऊण तास. पाठवण्याआधी तेच टिपण लेखकाच्या जागी बसून वाचायला दहा मिनिटं. दोन तास झाले. घाई केली तर दीड तासात उरकतं, पण उरकलंय हे लेखकाला पहिल्या दोन ओळींतच कळतं.

हाच हिशोब लेखनगटाला लावून बघा. पाच जणांचा गट, पंधरवड्याला एक बैठक, बैठकीला दोन कथा. चार तास वाचनाचे, दोन बैठकीचे, एकूण सहा. कामधंदा सांभाळून रोज एक तास लिहायला मिळत असेल, तर पंधरवड्याचे चौदा तास होतात. त्यातले सहा दुसऱ्यांच्या खर्ड्यांना गेले. आठ उरतात ते कागदावर. प्रत्यक्षात वाचन बैठकीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत ढिगानं येतं, तेवढे दिवस आपल्या खर्ड्याला हात लागत नाही, आणि बैठकीनंतर सुटलेला धागा सापडायला पुन्हा दोन दिवस जातात. हातात पाच-सहा तास राहतात. आमच्या पाहण्यातले लेखनगट भांडणांनी क्वचित मोडले. बहुतेक या गणितानं मोडले: जो तो दुसऱ्याचं वाचत राहिला आणि बैठकीत ठेवायला कुणाकडेच नवं काही उरलं नाही.

म्हणून आम्ही एक मर्यादा पाळतो. लिहिण्या-वाचण्याच्या एकूण वेळातला एक तृतीयांश वेळ दुसऱ्यांसाठी, त्याहून जास्त नाही. चौदा तासांत तो साधारण साडेचार तास येतो. त्यात दोन कथा आणि बैठक बसवायची तर एका कथेला पूर्ण दोन तास, दुसरीला एक तास आणि बैठक दीड तासात. एका तासात एकच वाचन होतं आणि 'वाचताना मला काय झालं' एवढंच लिहिता येतं. तेही कामाचं असतं. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. पूर्ण वाचन कुणाला आणि छोटं कुणाला, हे पाळीपाळीनं ठरवायचं. आणि ज्याला छोटं मिळणार त्याला ते आधी सांगायचं. न सांगता कमी वाचलं तर त्याला वाटतं, आपली कथाच पडली.

तासांचं असं जमवता येतं. कानाचं जमवणं जास्त अवघड.

लिहिताना कान पुढच्या वाक्याकडे लागलेला असतो, तपासताना मागच्या वाक्याकडे. आधी मोकळेपणानं लिहून काढणं आणि नंतर तपासणं ही दोन कामं वेगळी ठेवावीत, असं पीटर एल्बो या लेखनशिक्षकानं १९७३ साली आग्रहानं मांडलं होतं. आपल्या एकाच खर्ड्याबाबत ते अनेकजण पाळतातही. पण दुसऱ्याचा खर्डा तपासणं हेही तपासणंच आहे आणि त्याचा परिणाम आपल्या टेबलापर्यंत पोचतो, हे लक्षात यायला वेळ लागतो. पहाटे पाचला कुणाच्या तरी कथेतली विशेषणं मोजली असतील, तर सकाळी सहाला आपलं वाक्य अर्ध्यात असतानाच त्यातलं विशेषण खटकतं. ते खोडलं की वाक्य लंगडं होतं, मग वाक्यच खोडलं जातं. तासाभरानं पाहिलं तर पान कोरं, आणि दोष दिला जातो न सुचण्याला. सुचत होतं. तपासणारा कान बंद झाला नव्हता.

यावर पहिला उपाय क्रमाचा: आधी आपलं, मग दुसऱ्याचं. टोनी मॉरिसन रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, ते काम त्यांनी १९८३ पर्यंत केलं, आणि १९७० ते १९८१ या काळात त्यांच्या स्वतःच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. दिवसभर इतरांची हस्तलिखितं हाताळायची असताना त्या पहाटे, उजाडण्याआधी लिहीत. लहान मुलं उठायच्या आत वेळ मिळावा हे त्यामागचं साधं कारण होतं, पण क्रम नेमका तोच पडतो: इतर कुणाचंही वाक्य कानावर पडण्याआधी आपलं.

दुसरा उपाय अंतराचा. दुसऱ्याचं वाचन आणि आपलं लेखन यांच्यात किमान एक रात्रीची झोप हवी. दिवसाला एकच तास मिळत असेल तर एक दिवस आपलं, एक दिवस दुसऱ्याचं अशी आलटून-पालटून विभागणी अनेकजण करून बघतात. ती चालत नाही, कारण कान रोज बदलावा लागतो आणि प्रत्येक बदलाला वीस-पंचवीस मिनिटं जातात. त्यापेक्षा आठवड्यातले चार दिवस सलग आपले, दोन दिवस सलग दुसऱ्यांचे आणि एक दिवस मोकळा. मोकळा दिवस वाचनानंतर ठेवायचा, आधी नाही. त्या दिवशी लिहायचंही नाही, तपासायचंही नाही. छापील पुस्तक वाचलं तर चालतं, कारण त्यात आपल्याला काही दुरुस्त करायचं नसतं.

आपल्या खर्ड्याकडे परत येताना मागचं प्रकरण वाचायला घेऊ नये. वाचायला घेतलं की तपासणं सुरू होतं. शेवटचा एकच परिच्छेद, आठ-दहा ओळींचा, हातानं उतरवून काढायचा. टंकलेखनापेक्षा हात सावकाश चालतो, त्यामुळे आपल्या वाक्याची लांबी आणि थांबे परत अंगात येतात. चौथ्या-पाचव्या ओळीपाशी नवं वाक्य आपोआप पुढं येऊ लागतं. तिथं उतरवणं सोडून लिहायला लागायचं. साधनंही वेगळी ठेवलेली बरी. आपला पहिला खर्डा वहीत आणि दुसऱ्याचं वाचन छापील कागदावर किंवा पडद्यावर, किंवा उलट. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच अक्षरठशात असली तर फाईल बदलते, कान बदलत नाही.

एवढं करूनही दुसऱ्याचा आवाज आपल्यात झिरपतोच. मराठीत तो पकडायची एक सोपी जागा आहे. तुमचं निवेदन 'केलं, झालं, म्हटलं' असं बोलीकडे झुकणारं असेल आणि दोन दिवस तुम्ही 'केले, झाले, म्हटले' अशा निवेदनातली साठ पानं वाचली असतील, तर तिसऱ्या दिवशीच्या तुमच्या पानावर 'त्याने दार उघडले आणि आत पाहिलं' असं वाक्य सापडतं. एकाच वाक्यात दोन घरं. 'त्यानं' आणि 'त्याने', 'घरात' आणि 'घरामध्ये', 'पण' आणि 'परंतु' यांचंही तसंच. ही सरमिसळ लिहिताना दिसत नाही, मोठ्यानं वाचल्यावर ऐकू येते. म्हणून वाचनाच्या दिवसांनंतर लिहिलेलं पहिलं पान दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचून घ्यायचं, आणि तेवढंच पान. वाक्यांची लांबी बदलली आहे का, तेही याच वेळी कळतं. लांब, वळणावळणाच्या वाक्यांचा खर्डा वाचून आलं की आपलीही वाक्यं 'आणि'ला 'आणि' जोडत लांबतात.

आता खरा प्रश्न: अभिप्रायाचं काम घ्यायचं केव्हा? ते आठवड्याच्या वेळापत्रकापेक्षा आपला खर्डा कुठल्या टप्प्यावर आहे यावर ठरवावं, असं आमचं ठाम मत आहे.

पहिला खर्डा चालू असताना कमीत कमी वाचन घ्यावं. घ्यायचंच असेल तर वेगळ्या प्रकारातलं. तुम्ही कथा लिहीत असाल तर लेख किंवा कविता वाचा. कथा लिहिताना दुसऱ्याच्या कथेतले सांधे उसवून पाहिले, की आपल्या कथेचे सांधेही आधीच दिसायला लागतात, आणि सांधा दिसणाऱ्याला पुढचं कापड विणवत नाही. कवितेचा धोका वेगळा. वीस ओळींची कविता दहा मिनिटांत वाचून होईल असं वाटतं, पण ती तीन वेगवेगळ्या दिवशी मोठ्यानं वाचल्याशिवाय बोलण्यासारखं काही हाती लागत नाही. वेळ एकूण तासाभराचाच, पण तीन दिवस डोक्यात ती असते.

पहिला खर्डा संपला की तो मुरायला ठेवायचा. कथा असेल तर दोन-तीन आठवडे, कादंबरी असेल तर दीड-दोन महिने. नेमका हाच काळ दुसऱ्यांचे खर्डे वाचण्याचा. एक तृतीयांशाची मर्यादा या काळात उठवायला हरकत नाही, वाटलं तर सगळा वेळ द्या. हात रिकामे असतात, आपल्याच खर्ड्यात पुन्हापुन्हा डोकावायचा मोह टळतो, आणि तपासणारा कान जो धारदार होतो तो पुढच्या टप्प्यात आपल्याच उपयोगी पडतो. गटातल्या पाच जणांनी आपापले टप्पे एकमेकांना सांगितले तर याची रांग लावता येते. ज्यांचा खर्डा मुरतो आहे त्यांनी जास्त वाचायचं, जे पहिल्या खर्ड्यात बुडालेले आहेत त्यांना एक बैठक सूट. सूट म्हणजे बैठकीला यायचं, ऐकायचं, टिपण द्यायचं नाही. पुढच्या बैठकांत फेड होते. हे न ठरवता सगळ्यांनी सारखंच वाचायचं असा नियम केला, तर तो वरवर न्याय्य वाटतो आणि पहिल्या खर्ड्यात असलेल्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान करतो.

पुनर्लेखनाच्या टप्प्यात वाचन आणि लेखन शेजारीशेजारी चालू शकतात, कारण दोन्हीकडे एकच कान लागतो. इथं झोपेचं अंतरही फारसं पाळावं लागत नाही. शेवटचा हात फिरवताना, म्हणजे शुद्धलेखन, विरामचिन्हं, 'की' आणि 'कि'ची ऱ्हस्व-दीर्घं तपासताना, मात्र पुन्हा थांबावं. बारीक चुका शोधणारी नजर दुसऱ्याच्या पहिल्या खर्ड्यावर पडली तर त्याच्या कथेचा गाभा सोडून वेलांट्याच दिसतात.

वाचन प्रत्यक्ष कसं करायचं यावर आपला किती वेळ आणि किती कान खर्च होतो ते अवलंबून असतं. खर्डा घेण्याआधी लेखकाला तीन गोष्टी विचारायच्या. हा कितवा खर्डा? पुढं त्याचं काय करायचं आहे, कुठं पाठवायचा आहे का, कधीपर्यंत? आणि तुम्हाला कुठल्या एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे? तिसऱ्याचं उत्तर 'सगळंच सांगा' असं आलं तर पुन्हा विचारायचं. पहिला खर्डा असेल तर वाक्यांना हात लावायचा नाही. जे पान पुढच्या खर्ड्यात राहणारच नाही त्याची वाक्यं घासण्यात लेखकाचाही वेळ जातो आणि आपलाही.

पहिल्या वाचनात शब्द लिहायचे नाहीत, फक्त खुणा करायच्या. समासात तीन पुरतात. लक्ष उडालं तिथं आडवी रेघ, गोंधळ झाला तिथं प्रश्नचिन्ह, आत काहीतरी हललं तिथं उभी रेघ. शब्द लिहायला थांबलं की वाचकाचा आपण परीक्षक होतो, आणि पहिल्या वाचनातला वाचक पुन्हा मिळत नाही. वीस मिनिटांनी कागद बाजूला ठेवून न बघता दोन वाक्यं लिहायची: ही कथा कशाबद्दल आहे, आणि शेवटी काय बदललं. ही दोन वाक्यं लेखकाला फार उपयोगी पडतात. त्याला जे सांगायचं होतं आणि वाचकाला जे पोचलं त्यातलं अंतर त्याला त्यातूनच दिसतं.

दुसरं वाचन शक्य तर दुसऱ्या दिवशी. आता आडव्या रेघांपाशी थांबून कारण शोधायचं. इथं एक गोष्ट हमखास घडते: रेघ जिथं असते तिथं दोष नसतो, तो बऱ्याचदा अर्धं पान आधी असतो. समजा आठव्या पानावर दोघा भावांचं भांडण आहे आणि तिथं लक्ष उडालं. भांडण नीट लिहिलेलं आहे. मागे जाऊन पाहिलं तर सहाव्या पानावर धाकट्यानं जमिनीचा विषय मनातून काढून टाकलेला असतो, म्हणून आठव्यावर त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. 'भांडण कंटाळवाणं आहे' असा अभिप्राय गेला तर लेखक भांडण जोरकस करील, शिव्या वाढवील, आणि दोष जागच्या जागी राहील.

वाक्याच्या पातळीवर उतरायचं असेल तर एकच जागा निवडून दाखवायची. 'ती उदास झाली. तिचं मन भरून आलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.' तीन वाक्यं, बातमी एक. समासात एवढंच लिहायचं: 'तिन्ही वाक्यांत मला एकच गोष्ट कळली, यातलं तुमचं वाक्य कोणतं?' ते खोडून आपलं वाक्य लिहून देऊ नये. ते लिहिताना मजा येते, हीच धोक्याची खूण. दुसऱ्याच्या परिच्छेदात आपण जे घडवतो ते आपल्या लेखनाचं भांडवल असतं. ते तिथं खर्च झालेलं असतं आणि त्या लेखकाच्याही कामाचं नसतं, कारण वाक्य त्याच्या आवाजातलं नसतं. कुणाच्या कागदावर आपण ओळीला ओळ लावून पुन्हा लिहायला लागलो, तर वाचन थांबवून आपली वही उघडावी. लिहायची भूक असते ती चुकीच्या पानावर भागवली जात असते.

टिपण चारशे ते पाचशे शब्दांचं. त्यात तीन मोठे मुद्दे, त्याहून जास्त नाहीत. पंधरा मुद्दे दिले तर लेखक त्यातले सोपे बारा दुरुस्त करतो आणि अवघड तीन राहून जातात. प्रत्येक मुद्द्यात आधी वाचक म्हणून काय झालं, मग कारणाचा अंदाज, आणि उपाय विचारला असेल तरच. पहिला भाग सगळ्यात भरवशाचा असतो, तिसरा सगळ्यात कमी. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० साली अभिप्रायाची चार पायऱ्यांची जी पद्धत बांधली, तिच्यात मतं अगदी शेवटी येतात, तीही कलावंताची परवानगी घेऊन. आधी काय अर्थपूर्ण वाटलं ते, मग कलावंताचे प्रश्न, मग प्रतिसाद देणाऱ्यांचे तटस्थ प्रश्न. 'शेवट घाईचा का केला?' हा तटस्थ प्रश्न नाही, त्यात मत दडलेलं आहे. 'शेवटी वाचकाला कुठं सोडायचं होतं?' हा तटस्थ. बैठक लांबायची एक मोठी वाट या फरकानं बंद होते, कारण दडलेल्या मतावर लेखक बचाव करू लागतो आणि त्यात अर्धा तास जातो. १९५६ साली विज्ञानकथालेखकांनी अमेरिकेतल्या मिलफर्ड इथं सुरू केलेल्या कार्यशाळेची रीत याहून जुनी आणि सोपी आहे: गोल बसायचं, एकेकानं पाळीनं बोलायचं, तोवर लेखकानं गप्प राहायचं, उत्तर सगळ्यांचं झाल्यावर. पाच जणांच्या गटात प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तर लेखकाच्या उत्तरासह एक कथा अर्ध्या तासात होते. दीड तासाच्या बैठकीत दोन कथा आणि पुढचं नियोजन सहज बसतं.

कादंबरीचा खर्डा आला तर हा सगळा हिशोब कोलमडतो. ऐंशी हजार शब्द कथेच्या चालीनं वाचायला घेतले तर पन्नासहून जास्त तास लागतील. कुणीही एवढे देऊ नयेत, आणि मागूही नयेत. पहिली दहा पानं सविस्तर, समासात शेऱ्यांसह. कारण वाक्यांच्या सवयी दहा पानांत कळतात, पुढं त्याच परत येतात. बाकी सलग वाचायचं, पेन्सिल न लावता. प्रत्येक प्रकरण संपलं की तीन ओळींची नोंद: काय घडलं, काय अपेक्षा निर्माण झाली, पुढचं प्रकरण उघडावंसं वाटलं का. नुसत्या वाचनाला नऊ-दहा तास, चोवीस प्रकरणं असतील तर नोंदींना चारेक तास, शेवटी दोन पानांचं पत्र लिहायला दोन. पंधरा-सोळा तासांत काम होतं. ते चार आठवड्यांत पसरवावं आणि त्या महिन्यात दुसरं काही स्वीकारू नये.

नकाराचे शब्द तयार ठेवावेत, कारण विनंती समोर आली की संकोचानं हो म्हटलं जातं. 'या महिन्यात मला दोनच खर्डे नीट वाचता येतील आणि ते ठरले आहेत. तुमचा पुढच्या महिन्यात घेतला तर चालेल का?' एवढं पुरतं. घाई असेल तर पहिली पाच पानं वाचून देण्याचा पर्याय द्यायचा. ज्येष्ठ कुणी मागितलं तर हेच शब्द जास्त आदरानं म्हणायचे, पण तारीख तीच ठेवायची. हो म्हणून दोन महिने न वाचणं हे नकारापेक्षा वाईट. लेखक तेवढे दिवस पुढचा खर्डा हाती घेत नाही, वाट बघत राहतो.

एका प्रसंगी मात्र लगेच बोलायला हवं. आलेल्या खर्ड्याची कल्पना आपण लिहीत असलेल्या गोष्टीशी जुळते असं पहिल्या पान-दोन पानांत कळलं, तर तिथंच थांबून लेखकाला तसं सांगायचं आणि खर्डा परत करायचा. आपल्या खर्ड्यावर तारीख घातलेली असली तर दोघांनाही निर्धास्त राहता येतं, म्हणून प्रत्येक खर्ड्याच्या पहिल्या पानावर तारीख घालायची सवय चांगली. पूर्ण वाचून मग सांगितलं तर आपलं पुढचं प्रत्येक वळण आपल्यालाच संशयास्पद वाटायला लागतं, हे जास्त त्रासाचं. एरवीही काम संपल्यावर दुसऱ्याची फाईल आपल्याकडे ठेवू नये.

तोल गेला आहे हे ओळखायची आमची एक रीत आहे. आठवड्याच्या शेवटी दोन आकडे लिहायचे: अभिप्रायात किती शब्द लिहिले आणि आपल्या खर्ड्यात किती. आपला खर्डा मुरायला ठेवलेला नसताना पहिला आकडा सलग तीन आठवडे मोठा असेल, तर अभिप्राय देणं ही पळवाट झालेली आहे. ही पळवाट ओळखायला अवघड असते, कारण ती आळसासारखी दिसत नाही. तास भरतात, कुणी आभार मानतं, काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान मिळतं. आपल्या खर्ड्यात यातलं काहीच रोज मिळत नाही. तिथं अडलेलं असतं म्हणूनच तर आपण इकडे आलेलो असतो. अशा वेळी गटाला सांगून दोन बैठकांची सुट्टी घ्यावी आणि अडलेली जागा कोणती, ते एका वाक्यात वहीत लिहून तिथूनच बसावं. उलट लक्षणही असतं. टिपणं आखूड आणि कडवट होऊ लागतात, 'हे जमलेलं नाही' असं कारणाशिवाय लिहिलं जातं. ते थकल्याचं लक्षण. तसं टिपण त्या रात्री पाठवू नये.

आणि एक लक्षण फार मोलाचं. सलग तीन वेगळ्या लेखकांना आपण एकच शेरा दिला असेल, समजा 'सुरुवात उशिरा होते', तर दोष तिघांतही असेल कदाचित, पण तो आपल्यालाच इतका डोळ्यांत का भरतो ते तपासायला हवं. बहुधा तो आपल्या मुरत ठेवलेल्या खर्ड्यात असतो. त्यासाठी एक वही ठेवायची. डाव्या पानावर दुसऱ्याला दिलेला शेरा, उजवं पान कोरं. उजवं पान त्याच दिवशी भरायचं नाही, कारण त्या दिवशी आपला खर्डा उघडला की पुन्हा तोच तपासणारा कान भलत्या वेळी आत शिरतो. महिन्यातून एकदा बसून डाव्या पानावरचा एकेक शेरा घ्यायचा आणि आपल्या खर्ड्यात ती जागा शोधायची. 'अचानक' हा शब्द कुणाच्या तीन हजार शब्दांत नऊ वेळा सापडला होता, तर आपल्या फाईलमध्ये शोधून मोजायचा. 'जणू', 'एक प्रकारचं', जोर देण्यासाठी लावलेला 'च', गरज नसताना आलेलं 'केलं गेलं'. हे सगळं मोजता येतं आणि आकडा बघून दुरुस्त करता येतं. कथनाचा कोन मध्येच सरकतो का, पात्र न पाहिलेलं सांगतं का, हे मोजता येत नाही. त्यासाठी पान क्रमांक लिहून ठेवायचा.

मुरायचे आठवडे संपले की आपला खर्डा छापून घ्यायचा, लिहिताना वापरला त्याहून वेगळ्या अक्षरठशात आणि रुंद समास सोडून. आदल्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणाचा खर्डा वाचलेला असला तर या वेळी ते बरंच. मग त्याच तीन खुणा: आडवी रेघ, प्रश्नचिन्ह, उभी रेघ. पहिल्या वाचनात शब्द एकही नाही. वाचून झालं की कागद पालथे घालून दोन वाक्यं लिहायची, ही कथा कशाबद्दल आहे आणि शेवटी काय बदललं. दुसऱ्या दिवशी आडव्या रेघांपासून अर्धं पान मागे जायचं. पुनर्लेखन झालं, की तारीख आणि खर्ड्याचा क्रमांक घालून गटाकडे पाठवायचं, सोबत एकच प्रश्न जोडून.